नवीन फुलझाड कुंडीत लावलं की पंधरा दिवसांत मान टाकतं? कारण हुंडीत शोधा

नर्सरीत टवटवीत दिसणारा गुलाब किंवा मोगरा घरी आणला, चांगली मोठी कुंडी घेतली, खत-माती घातली, रोज न चुकता पाणी दिलं. तरी आठ-दहा दिवसांत कळ्या न उमलताच गळाल्या, खालची पानं पिवळी पडली, शेंडे काळे झाले आणि महिन्याभरात झाड गेलं. दुसरं आणलं, त्याचंही तेच. असं वारंवार झालं की लोक आपल्या हाताला यश नाही म्हणतात आणि नाद सोडून देतात. हाताचा यात काही संबंध नाही. मुळांभोवतीची हुंडी, म्हणजे पिशवीतून काढल्यावर मुळांसकट निघणारा मातीचा गोळा, आणि कुंडीतली नवीन माती यांचं एकमेकांशी जमलेलं नसतं. बहुतेक झाडं यानेच जातात, आणि वेळेवर लक्षात आलं तर वाचतातही.

पानं मलूल दिसली की आपला हात आधी झारीकडे जातो, मग खताच्या डब्याकडे. पुनर्लागवडीनंतर या दोन गोष्टींनी जितकी झाडं जातात तितकी किडीने जात नाहीत. म्हणून काहीही करण्याआधी खालची तपासणी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आधी निदान

पहिली खूण वेळेची. दुपारी बारा ते चारमध्ये पानं लोंबतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उभी राहतात, तर घाबरू नका. लावताना मुळांच्या टोकाजवळचे केसांसारखे बारीक तंतू तुटतात. पाणी शोषायचं काम मुख्यतः तेच करतात. ते नव्याने येईपर्यंत पानांतून उडणारं पाणी भरून निघत नाही. अशा झाडाला सावली हवी असते, जास्तीचं पाणी नको. पण सकाळी सहा-सात वाजताही पानं लोंबलेलीच असतील, तर खाली काहीतरी बिघडलेलं आहे.

दुसरी तपासणी काडीची. बांबूची बारीक काडी घ्या, अगरबत्तीची उरलेली काडीही चालते. ती खोडापासून एक इंचावर, म्हणजे हुंडीत, तीन इंच खोल खुपसा. दोन मिनिटांनी काढून बोटांनी चाचपा. मग दुसरी काडी कुंडीच्या काठाजवळ नवीन मातीत तशीच घाला. दोन्ही काड्या शेजारी ठेवून पाहिल्या की बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

काठाची काडी ओली आणि हुंडीची कोरडी, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. वरून माती ओली दिसते, खालच्या भोकातून पाणी गळतं, आणि झाड मात्र तहानेने मरत असतं. हुंडीची काडी चिकट, गाळ लागलेली, आणि खालची पानं आधी पिवळी पडत आलेली असतील तर हुंडीत पाणी कोंडून मुळांना हवा मिळत नाही. दोन्ही काड्या ओल्या आणि काडीला आंबूस, कुजका वास असेल तर मुळकूज सुरू झालेली आहे. दोन्हीकडे वाफसा, म्हणजे बेताचा ओलावा, आहे, वास नाही, तरी नवीन पालवी करपते आहे किंवा पानांच्या कडा तपकिरी होत आहेत, तर खत जास्त झालं आहे किंवा शेणखत कच्चं होतं.

हुंडी कोरडी का राहते

आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत काळ्या पिशवीतली झाडं, विशेषतः गुलाब, घट्ट लाल चिकणमातीत भरलेली असतात. टेम्पोतून धक्के खात जाताना गोळा फुटू नये, म्हणून ही माती मुद्दाम वापरतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. अडचण आपल्या कुंडीत सुरू होते. आपण भोवती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कंपोस्टचं भुसभुशीत मिश्रण भरतो. झारीने ओतलेलं पाणी सोपी वाट धरतं आणि या मोकळ्या मिश्रणातून सरळ खाली निघून जातं. चिकणमाती एकदा वाळली की आकसते, हुंडी आणि मिश्रण यांच्यामध्ये केसभर फट पडते, आणि मग पाणी त्या फटीतूनच उतरतं. झाडाची सगळी मुळं अजून हुंडीतच असतात. नवीन मातीत ती शिरलेलीच नसतात. त्यामुळे कुंडी ओली असूनही झाडाला त्याचा उपयोग नसतो.

याच्या उलट प्रकार हिवाळी हंगामी रोपांत दिसतो. पिटुनिया, डायन्थस, पॅन्झीची रोपं कोकोपीटच्या छोट्या वडीत वाढवलेली असतात. ती तशीच काळ्या किंवा जड मातीत लावली की भोवतालची बारीक कणांची माती वडीतलं पाणी ओढून घेते. शिवाय कोकोपीट पूर्ण वाळलं की ते लवकर पाणी धरत नाही, पाणी वरून घरंगळून जातं. सकाळी पाणी घातलेलं रोप दुपारी आडवं होतं ते यामुळे.

कोरड्या हुंडीवर उपाय असा. पसरट टबात किंवा बादलीत पाणी घ्या आणि कुंडी तिच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत त्यात उतरवा. मातीतून बुडबुडे येत राहतील. ते थांबेपर्यंत, साधारण वीस ते तीस मिनिटं, तशीच राहू द्या. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. कुंडी उचलण्याजोगी नसेल तर पेन्सिलएवढ्या जाड काडीने हुंडीत चार-पाच ठिकाणी, खोडापासून दीड इंच दूर, उभी भोकं पाडा. एका बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र पाडून ती उलटी करून हुंडीवर टेकवा आणि एक लिटर पाणी अर्ध्या तासात जिरू द्या. फट दिसत असेल तर कोरडी बारीक माती त्यात सोडून काडीने हलकेच दाबा. त्यानंतर दोन आठवडे पाणी घालताना ते काठाला न घालता हुंडीवरच घालायचं. मुळं बाहेर पडली, नवीन पालवी दिसली, की मग सगळीकडे.

लावताना काय करायचं

झाड आणल्या दिवशीच लावू नका. पिशवीसकट चार-पाच दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून ते तुमच्या गच्चीवर आलं आहे, त्याला आधी हवा बदलू द्या. या दिवसांत पानांच्या मागची बाजू बघून घ्या. पिठ्या ढेकूण, मावा किंवा कोळी यांपैकी कुठली कीड असेल तर लावण्याआधीच निस्तरणं सोपं जातं.

लावायच्या चार-सहा तास आधी पिशवीत बेताचं पाणी द्या. हुंडीला वाफसा हवा. ठणठणीत कोरडी असली तर ती फुटताना मुळं घेऊन फुटते, आणि पाण्याने लिबलिबीत असली तर हातातच गळून पडते. झाड खोडाला धरून उपटू नका. ब्लेडने पिशवी दोन बाजूंनी उभी कापा आणि सोलून काढा.

आता हुंडी नीट बघा. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. आत दुसरी छोटी पिशवी, जाळीचा कप किंवा कापडी आवरण राहिलेलं असतं का? पुष्कळदा असतं. लहान रोप मोठ्या पिशवीत हलवताना आतली पिशवी काढलेली नसते आणि झाड वर्षभर त्याच मुठीत अडकून राहतं. ती काढा. जाळीचा कप मुळांत गुंतला असेल तर ओढू नका, कात्रीने चार ठिकाणी छेद द्या. कलमी गुलाबाला डोळा भरलेल्या (कलम जोडलेल्या) जागी प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली सापडते. डोळा फुटून फांदी झालेली असेल तर ती पट्टीही ब्लेडने अलगद कापा, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते आणि एक दिवस झाड तिथूनच मोडतं.

मुळं तळाशी गोल गोल फिरून चकली झालेली असतील तर त्यांना तसंच लावलं तर ती तशीच फिरत राहतात. तळाचा अर्धा-एक इंचाचा गुंता सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापा आणि बाजूंना तीन-चार ठिकाणी वरून खाली अर्धा सेंटिमीटर खोल चिरा द्या. तिथूनच नवीन मुळं फुटतात. हुंडी चिकणमातीची असेल तर बादलीत दहा मिनिटं बुडवून बाहेरचा साधारण एक इंचाचा थर बोटांनी सुटेल तेवढा सोडवा. मुळांची टोकं मोकळी दिसली पाहिजेत, गाभा तसाच राहिला पाहिजे. सगळी माती धुवून मुळं उघडी करण्याचे व्हिडिओ खूप दिसतात. एप्रिल-मेमध्ये भरल्या पानांच्या झाडावर तो प्रयोग करू नका, झाड हमखास जातं.

मिश्रणासाठी एक लिटरचा डबा हे माप धरा. 12 इंची कुंडीला, हुंडीची जागा सोडून, साधारण 11 ते 12 डबे लागतात. त्यात 5 डबे चाळलेली पोयटा (गाळाची) किंवा लाल माती, 3 डबे पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 2 डबे धुतलेलं कोकोपीट, 1 ते 2 डबे जाड वाळू आणि मूठभर, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास, निंबोळी पेंड. चांगल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, ते चहापत्तीसारखं मोकळं असतं आणि हात घातला तर गरम लागत नाही. कच्च्या खतात हुमणीच्या अळ्याही येतात. इंग्रजी 'सी'च्या आकारात वळलेली पांढरी जाड अळी दिसली तर वेचून काढा, ती मुळं खाते. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून भिजल्यावर फडक्यात घालून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून पिळून घ्यायचं.

हे प्रमाण सगळीकडे एकच चालत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत कोकोपीट एक डबा करा आणि वाळू वाढवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात कोकोपीट तीन डबे चालेल, आणि मातीवर दोन इंच वाळलेल्या पाल्याचं आच्छादन हवंच. काळी कसदार माती शेतात सोनं असली तरी कुंडीत ती ओली असताना गच्च होते आणि वाळल्यावर भेगाळते. दुसरी मिळतच नसेल तर एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घेऊ नका.

मिसळून झाल्यावर मूठभर ओलसर मिश्रण दाबून बघा. लाडू झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे. टोचूनही फुटला नाही तर वाळू घाला, लाडूच झाला नाही तर माती.

कुंडी आणि खोली

हुंडीच्या सगळ्या बाजूंनी दीड-दोन इंच जागा राहील एवढीच कुंडी घ्या. चार इंची पिशवीतलं रोप एकदम 14 इंची कुंडीत गेलं की मुळं नसलेल्या भागातली माती दिवसेंदिवस ओलीच राहते, आंबते, आणि कूज तिथून आत येते. शेवंती, झेंडूला 8 इंची पुरते. मोगरा, जास्वंदीला सुरुवातीला 10, गुलाबाला 12.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा वाढतो, हा समज घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात लगेच उतरत नाही. वरची माती पाण्याने पूर्ण भरली की मगच ते खाली सुटतं. म्हणजे खडीमुळे ओलीचिंब पट्टी उलट दोन इंच वर, मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवा किंवा जाळीचा तुकडा टाका, माती अडायला तेवढं बास. आणि कुंडी फरशीवर सपाट टेकवू नका. भोक फरशीला चिकटून बंद होतं. तीन विटांच्या तुकड्यांवर एक इंच उचलली की हा प्रश्न सुटतो.

मातीची नवीन कुंडी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिलं पाणी तीच पिते. सिमेंटची नवीन कुंडी आठवडाभर पाणी भरून, रोज पाणी बदलून मग वापरा. तिच्यातला चुना उतरून माती अल्कधर्मी होते, अनंतासारख्या झाडांना ते अजिबात सोसत नाही.

खोलीचा नियम सोपा आहे: पिशवीत खोड जितकं मातीत होतं तितकंच कुंडीत. कलमी गुलाबाचा डोळा, म्हणजे खोडावरची ती फुगीर गाठ, मातीच्या वर दोन इंच दिसली पाहिजे. ती गाडली गेली की ओलाव्याने तिथे कूज धरते. गाठीच्या खालून येणारे जोरकस, सरळ फुटवे हे खुंटाचे, रानगुलाबाचे असतात. ते कापून उपयोग नाही, बुडापासून मोडून काढायचे. झेंडू मात्र अपवाद आहे. त्याचं रोप खालच्या पानांपर्यंत गाडलं तरी खोडातून मुळं फुटतात आणि झाड जास्त घट्ट उभं राहतं.

कुंडीचा वरचा दीड इंच रिकामा ठेवा. माती हाताने हलकेच दाबा, अंगठ्यांनी ठेचू नका. लगेच पाणी द्या, इतकं की खालून निघेल. पाणी वर अर्ध्या मिनिटाहून जास्त साचून राहिलं तर मिश्रण जड झालं आहे. तेव्हाच काढून दुरुस्त करा, महिन्याने नाही.

पहिले पंधरा दिवस

लावायची वेळ संध्याकाळची, उन्हं उतरल्यावर. झाडावरची सगळी फुलं आणि कळ्या काढून टाका. हे कुणाला करवत नाही, मला माहीत आहे, कारण फुलं बघूनच झाड घेतलेलं असतं. पण तुटलेल्या मुळांवर दहा कळ्या पोसण्याचा भार टाकला तर कळ्याही जातात आणि झाडही. कोवळे शेंडे तिसऱ्या हिश्शाने खुडा.

पहिले पाच ते सात दिवस उजेडाची सावली, म्हणजे आकाश दिसेल पण ऊन अंगावर पडणार नाही अशी जागा. घरातला कोपरा ही सावली नव्हे, तो अंधार आहे. त्यानंतर चार-पाच दिवस सकाळचं दोन तास कोवळं ऊन, मग हळूहळू पूर्ण. गच्चीवर सावलीच नसेल तर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा. जोराचा वाराही पानांतलं पाणी उन्हाइतकंच ओढतो, म्हणून कठड्यावर ठेवू नका. झाड हलत असेल तर काठीला सैल बांधा. रोज हलणाऱ्या खोडाची नवीन मुळं रोज तुटतात.

पाणी तारखेवर देऊ नका. बोट एक इंच आत घालून माती कोरडी लागली तरच द्या. उन्हाळ्यात रोज लागेल, पावसाळ्यात चार-चार दिवस लागणार नाही. पानांवर दिवसातून दोनदा हलकी फवारणी करायला हरकत नाही, शेवटची सूर्यास्ताआधी.

खत तीन ते चार आठवडे बंद. मिश्रणात आहे तेवढं पुरतं. डीएपीचे दाणे खोडाशी टाकणं, युरियाची चिमूट, घट्ट शेणकाला, चहाचा दुधा-साखरेसकट चोथा, ताक, कांद्याच्या सालींचं आंबलेलं पाणी, यातलं काहीही या काळात नको. तुटलेल्या मुळांभोवती क्षार वाढले की मुळं पाणी घेण्याऐवजी गमावतात. नवीन पालवी दोन-तीन पानांची झाली की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी 2 ग्रॅम, तेही ओल्या मातीवर. लावतानाच द्यायचं असेल तर ट्रायकोडर्मा द्या, 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, कुंडीला अर्धा लिटर. त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे.

झाडानुसार फरक

गुलाबाचे शेंडे काळे पडून ते काळेपण खाली सरकतं, त्याला शेंडेमर म्हणतात. काळ्या भागाच्या एक इंच खाली, जिथे आतला गाभा पांढरट-हिरवा दिसेल तिथे तिरका काप घ्या आणि कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. सिकेटर दर कापानंतर स्पिरिटने पुसा. गुलाबाची कुंडी बदलायची चांगली वेळ म्हणजे ऑक्टोबरची छाटणी. तेव्हा पानांचा भार आपण कमी करतोच, आणि पुढे थंडी असते.

मोगरा भर बहरात, एप्रिल-मेमध्ये हलवला की पानं झाडून मोकळा होतो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाणी कमी करून त्याला ताण द्या, फांद्या निम्म्याने छाटा, पानं खुडा, आणि तेव्हाच कुंडी बदला. बाहेरची मुळं एक इंचाने कापली तरी चालतं. त्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं. ते नसेल तर लागवड कितीही नीट केली तरी पानंच मिळतील.

शेवंती दिवाळीच्या आसपास कळ्यांनी भरलेली विकत मिळते. ती फुलं संपेपर्यंत आहे त्या कुंडीतच राहू द्या. फुलं गेल्यावर खोड तीन-चार इंचांवर कापा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडाशी मुळं असलेले फुटवे येतात, ते एकेक सुटे करून लावा. जुनं खोड पुन्हा पुन्हा जगवत बसण्यापेक्षा हे नवीन फुटवे कितीतरी चांगले फुलतात. रात्री दिव्याचा उजेड पडेल अशा जागी मात्र ठेवू नका. मोठ्या रात्री मिळाल्या तरच शेवंती कळी धरते.

झेंडूचं रोप तीन ते चार आठवड्यांचं, चार-पाच पानांचं असताना हलवा. कळी आलेलं उंच रोप लागायला जड जातं. दसऱ्याला फुलं हवी असतील तर उंच जातीची रोपं साधारण दोन महिने आधी जागेवर लागलेली हवीत. जमिनीत लावताना दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा.

अनंताच्या कळ्या जागा बदलली तरी गळतात, त्यात नवल नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर बोअरच्या जड पाण्यामुळे लोह मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम फवारा आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या. बोगनवेलीची मुळं काचेसारखी तुटतात. तिची हुंडी मोकळी करायला जाऊ नका, पिशवी कापून आहे तशी लावा. गोकर्ण, कॉसमॉस, सूर्यफूल यांचं बी जागेवरच टाका, हलवण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि ॲडेनियम. याला वरचा पाण्याचा नियम लागू नाही. कुंडी बदलताना मुळांना जखमा झालेल्या असतात आणि त्याच्या जाड बुंध्यात पाणी साठवलेलं असतं. कापलेली मुळं दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, कोरड्या, निम्मी वाळू असलेल्या मिश्रणात लावा आणि पुढचे पाच-सहा दिवस पाणी देऊ नका. लावल्या लावल्या पाणी दिलेलं ॲडेनियम बुंध्यातून मऊ पडून जातं, आणि ते वरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

जमिनीत लावणाऱ्यांनी काळ्या रानात एक गोष्ट सांभाळावी. कडक काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात मऊ मिश्रण भरलं की पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन साठतं. खोल खड्ड्याऐवजी जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा, आणि भरायच्या मिश्रणात निम्मी खणलेलीच माती घ्या, म्हणजे मुळांना बाहेर जाताना अडथळा वाटत नाही.

मुळकूज लागलेलं झाड

वास येतो आहे म्हणजे वेळ थोडा आहे. झाड बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतात. कुजलेली काळी, मऊ असतात आणि चिमटीत ओढली की साल हातात येते, आत दोरा उरतो. अशी सगळी कापा. मुळं जेवढी गेली तेवढ्या प्रमाणात वरच्या फांद्याही छाटा. कॉपर ऑक्सिक्लोराइड 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात दहा मिनिटं मुळं बुडवा आणि लहान कुंडीत, जास्त वाळूच्या मिश्रणात लावा. खत अजिबात नको. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाडावर भिस्त ठेवू नका. मोगरा, जास्वंदीच्या हिरव्या असलेल्या फांद्यांच्या सहा इंची काड्या त्याच दिवशी लावा, वर पारदर्शक पिशवी झाका आणि सावलीत ठेवा. झाड गेलं तरी वाण हातात राहतो.

गेलेल्या झाडाची माती

त्याच मातीत लगेच दुसरं झाड लावणं, हे 'पुन्हा तेच' होण्याचं एक नेहमीचं कारण आहे. कुजलेल्या मुळांवरची बुरशी तिथेच असते. मुळांवर बारीक गाठी दिसल्या असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, आहेत, अबोलीला त्यांचा त्रास फार होतो. पांढरी पूड चिकटलेली असेल तर मुळांवरचे पिठ्या ढेकूण. माती चाळून जुनी मुळं वेचा. एप्रिल-मेच्या उन्हात ती ओलसर करून गच्चीवर चार-पाच इंच जाडीने पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाकून कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर त्यात तिसरा हिस्सा नवीन खत आणि ट्रायकोडर्मा मिसळून पंधरा दिवस ओलसर ठेवली की ती पुन्हा वापरता येते. सूत्रकृमी असलेली माती मात्र अबोलीला, आणि झेंडू सोडून इतर हंगामी रोपांनाही, देऊ नका. अशा कुंडीत एक हंगाम झेंडू घ्या. झेंडूच्या मुळांमुळे गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते. अबोलीला नवीन मातीच द्या. रिकामी कुंडी ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून दोन दिवस कडक उन्हात पालथी घाला.